नुसतं ऐकायचं किती?

जगात मोबाईल कुठं स्वस्त आणि कुठं महाग, हे शोधायचं काम जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून निवृत्त झालेल्या माणसाकडं का यावं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण आमच्या बयाबाई आत्तीनं नियम घेतला होता, आणि आत्तीचा नियम म्हणजे सरकारी आदेश नव्हे, की चार दिवसांनी त्याचं शुद्धिपत्रक निघेल.

आम्ही जैन. चातुर्मासात बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, जाऊन देवासमोर हात जोडायचे आणि काही ना काही सोडायचं, अशी आमच्यात पद्धत आहे. कुणी साखर सोडतं, कुणी पालेभाजी, कुणी तिखट. माझ्या बायकोनं, वर्षाराणीनं, एका वर्षी माझ्याशी वाद घालणं सोडलं होतं. ते दुपारच्या जेवणापर्यंत टिकलं. आत्ती कुरुंदवाडला एकटी राहते, नव्वदीला टेकली आहे, आणि सोडण्यासारखं जे काही असतं ते तिनं आधीच्या चातुर्मासांत सोडून संपवलं आहे. म्हणून यंदा तिनं रिचार्ज सोडला.

तिचं म्हणणं सरळ होतं. तिच्याकडं बटणांचा फोन आहे. त्यावरून ती कुणाला फोन करत नाही, आलेला तेवढा घेते. पूर्वी एकदा पैसे भरले की फोन येत राहायचे. आता दर महिन्याला दोनशेच्या आसपास भरले नाहीत, तर येणारे फोनसुद्धा बंद होतात.

"बोलणार दुसरा, ऐकणार मी, आणि पैसं बी मीच भरायचं?" आत्ती म्हणाली. "बस्तीत प्रवचन ऐकायला कोण तिकीट काढतंय व्हय?"

मी म्हणालो, "आत्ती, जगात सगळ्यात स्वस्त आपल्याकडंच हाय. भाईरच्या देशात लई पैसं पडत्यात." हे मी कुठंतरी वाचलं होतं. निवृत्त माणसाची निम्मी मतं कुठंतरी वाचलेलीच असतात, आणि एरवी कुणी पुरावा मागत नाही.

"दाखव की," आत्ती म्हणाली. "नुसतं ऐकायला आपल्यापेक्षा जास्ती घेणारा एक देश दाखव. त्या दिवशी माझा नियम सुटला. आणि तवर कुणी गुपचूप पैसं भरलं, तर त्येचं त्वांड बघणार न्हाय मी."

शेवटचं वाक्य माझ्याकडं बघून होतं. आदल्या महिन्यात मी गुपचूप भरले होते आणि पकडलाही गेलो होतो.

आता हसण्यासारखं असलं तरी प्रकरण साधं नव्हतं. नव्वदीची बाई एकटी राहते. रात्री-अपरात्री तिला काही झालं तर? तिचा मुलगा जिनपाल कॅनडात. सात वर्षं झाली, दर दिवाळीला येतो येतो म्हणतो आणि दर शनिवारी फोन करतो. तो फोन म्हणजे आत्तीची सगळी शिल्लक, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण नियम म्हणजे नियम. तिचा नंबर बंद पडायला आठवडा उरला होता, आणि त्या आठवड्यात मला एक महागडा देश पकडून तिच्यासमोर उभा करायचा होता.

मी इंटरनेटवर बसलो. देशोदेशीच्या दरांची तुलना करणारे शेकडो तक्ते तिथं आहेत, पण सगळे डेटाचे. एक जीबी इस्राएलमध्ये कितीला, फिनलंडमध्ये कितीला, कुठल्याशा बेटावर कितीला. नुसतं ऐकायचं कितीला, हे कुणी लिहीत नाही. माणसाला दुसऱ्याचं ऐकून घ्यायचं असेल, ही शंकाच जगात कुणाला आलेली नाही. चार दिवस घालवून मी स्वतःचा एक तक्ता केला आणि शेजारी दाखवायची चूक केली.

आमच्या कॉलनीच्या मागं झुंबरबाईंचा गोठा आहे. आम्ही त्यांचंच दूध घेतो. त्यांनी तक्त्यावर नजर टाकली आणि म्हणाल्या, "डॉलरचं रुपय करून काय कळतंय? दुधात करा. तितल्या माणसाला म्हैन्याच्या फोनात किती लिटर दूध येतंय, त्ये बघा."

हा मुद्दा मला इतका पटला की मी रात्रीचं, म्हणजे सूर्यास्ताआधीचं, जेवणही घाईत उरकलं. सगळा तक्ता दुधात केला. दुसऱ्या दिवशी झुंबरबाईंनी विचारलं, "दूध गाईचं का म्हशीचं?" परदेशात गाईचं असतं. "मग फॅट कोण धरणार? गाईच्या दुधाला म्हशीचा भाव लावताय तुमी." मी फॅटचा रकाना वाढवला. मग त्यांनी पेंडीचा दर काढला. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की आता मी मोबाईलचा नाही, दूध संघाचा अभ्यास करतो आहे.

खरा मार्ग काढला चमनभाईंनी. चमनभाई एसटीचे निवृत्त कंट्रोलर. आयुष्य मध्यवर्ती स्टँडवर गाड्या पुकारण्यात गेल्यामुळं ते कानात बोलले तरी गडहिंग्लजच्या फलाटावर ऐकू जाईल. त्यांची लेक सुहाना कतारला असते.

"मगदूमसाहेब, हितं डोकं फोडून न्हाय कळायचं," ते म्हणाले. "जी माणसं तितं ऱ्हात्यात, त्यास्नीच इचारा."

"विचारलं की व्हॉट्सअ‍ॅपवर. कोण उत्तर देईना झालंय. नुसते गुड मॉर्निंग येत्यात."

"मग मिस कॉल द्या. कोल्लापुरातनं मिस कॉल गेला की माणूस घाबरून लगी फोन करतंय. आपल्याला एक पैसा पडत न्हाय."

या वाक्यातला 'घाबरून' हा शब्द मी त्या वेळी सोडून दिला. फुकट हा शब्द ऐकला की मागचं पुढचं ऐकू येत नाही, हा आमच्या कॉलनीचा जुना आजार आहे.

आपल्या फोनवरून परदेशी रिंगच जात नाही, हे पहिल्याच प्रयत्नात कळलं. ती सेवा आधी चालू करून घ्यावी लागते. त्यासाठी मी वर्षाराणीला घेऊन मोबाईल कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे सेवा केंद्रात, गेलो. ती केळी घ्यायला कोपऱ्यावर थांबली आणि मी टोकन घेऊन आत बसलो. काउंटरवरच्या मुलीनं माझं आधार कार्ड बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, मग परत कार्डाकडं.

"काका, फोटो जुळत नाही. तुम्ही जिवंत माणूस आहात की नुसता फोटो, हे सिस्टीमला तपासायचंय. डोळे मिचकावा."

तिनं हातातला फोन माझ्यासमोर धरला. मी मिचकावले. सिस्टीमचं समाधान झालं नाही. "जरा ठळक मिचकावा. मान तिरकी करून. आणि थोडं हसा, काका." मी मान तिरकी केली, हसलो आणि तिच्या दिशेनं दणदणीत डोळे मिचकावले. नेमकी तेव्हाच वर्षाराणी केळी घेऊन दारात उभी राहिली. तिच्या बाजूनं तो फोन दिसत नव्हता. मुलगी दिसत होती आणि मी दिसत होतो. घरी पोचेपर्यंत ती एकटीच केळी खात राहिली, मला मिळाली नाहीत.

त्याच संध्याकाळी आत्तीचा नंबर बंद पडला. आता थांबायला वेळच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पूजा आटोपली, नाष्टा केला आणि कामाला लागलो. कॅनडात जिनपालला, आयर्लंडमध्ये भाची दीपाला, कतारला सुहानाला, मग सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, जिथं म्हणून आपलं माणूस आहे तिथं एकेक रिंग दिली आणि तोडली. तिकडं किती वाजले असतील असा विचार एकदा मनात येऊन गेला. पण मिस कॉल उचलायचाच नसतो, मग झोपेतल्या माणसाला त्याचा काय त्रास, असं मी मनाशी ठरवलं.

मग फोन समोर ठेवून जगाची वाट बघत बसलो. जग काही फोन करेना. बऱ्याच वेळानं बघितलं तर माझ्या फोनचं नेटवर्कच गेलेलं.

परत गॅलरी. वर्षाराणी या वेळी माझ्याबरोबर आत आली आणि माझ्या शेजारी बसली. घाईत तिचा फोन घरी चार्जिंगलाच राहिला. काउंटरवर तीच मुलगी होती. तिनं काहीतरी बघितलं आणि तिचा आवाज बदलला.

"काका, तुमचा नंबर फसवणुकीच्या संशयावरून बंद केलाय. सात-आठ देशांत एकेक रिंग देऊन तुम्ही तोडली. आंतरराष्ट्रीय ठग असंच करतात. माणूस परत फोन करतो आणि त्याचे पैसे कापले जातात."

उभ्या नोकरीत माझ्यावर साधी कारणे दाखवा नोटीस निघाली नव्हती. तालुक्यातल्या अर्ध्या नळांचं पाणी माझ्या सहीनं सुटायचं. आणि आता केळी न देणाऱ्या बायकोसमोर, टोकन घेऊन बसलेल्या अख्ख्या गॅलरीसमोर, मी आंतरराष्ट्रीय ठग ठरलो होतो. मी जिल्हा परिषदेचं ओळखपत्र दाखवलं. ते बघून मुलगी म्हणाली, "काका, परत एकदा डोळे मिचकावावे लागतील." मी वर्षाराणीकडं बघितलं. ती म्हणाली, "मिचकावा की. सवय हाय तुमास्नी."

नंबर संध्याकाळपर्यंत चालू होईल, असं सांगून त्यांनी आम्हाला घरी पाठवलं. कॉलनीत शिरलो तर चमनभाई आमच्या फाटकाशी उभे. डोक्यावर टोपी, मान खाली आणि आवाज, जन्मात पहिल्यांदा, हळू.

"वाईट झालं, मगदूमसाहेब. आत्ती गेल्या की तुमच्या."

वर्षाराणी धावत आत गेली आणि चार्जिंगचा फोन घेऊन आली. आमच्या सगळ्या नातेवाइकांचा 'गोतावळा' नावाचा ग्रुप आहे. त्यावर चाळीसेक माणसांनी हात जोडलेले. भावपूर्ण श्रद्धांजली. कृष्णाकाठची माउली हरपली. एका भाच्यानं तर आत्तीचा फोटो मेणबत्तीसकट टाकला होता. मी आत्तीच्या नंबरावर फोन लावला. सेवा बंद. तो बंद असणारच, हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी ते सुचलं नाही. चाळीस माणसं एकदम खोटं बोलत नाहीत, एवढंच सुचलं. मला रडू कोसळलं.

खरं काय घडलं ते नंतर कळलं, पण इथंच सांगून टाकतो. माझा मिस कॉल बघून जिनपाल दचकला. त्यानं मला उलट फोन केला, तर माझा नंबर बंद. आईला केला, तर तिचाही बंद. म्हणून त्यानं ग्रुपवर लिहिलं, "आईला काही झालंय का? दादाचा मिस कॉल आला होता." गडहिंग्लजच्या एका पाव्हण्यानं ते अर्धंच वाचून हात जोडले. ते बघून दुसऱ्यानं श्रद्धांजली वाहिली. एकदा दोघांनी वाहिली की तिसऱ्याला मागं राहून चालत नाही. कुरुंदवाडच्या कुणीतरी आत्तीच्या घराकडं जाऊन बघितलं, तर दाराला कुलूप. म्हणजे दवाखान्यातून अजून आणलं नाही, असा अर्थ त्यानं काढला. आत्ती शेतात भुईमूग बघायला गेली होती.

चमनभाईंनी त्यांची जुनी ओमनी काढली आणि आम्ही तिघं कुरुंदवाडला निघालो. जयसिंगपूर गेलं, शिरोळ गेलं, नृसिंहवाडी मागं पडली, आणि मी सारखा डोळे पुसत होतो. हायस्कूलला असताना मी आत्तीकडं राहायचो. तिला अक्षरओळख नव्हती, पण मी अभ्यासाला बसलो की ती समोर शेंगा फोडत बसायची आणि मी वाचायचा थांबलो की म्हणायची, "व्हय, पुढं?" अख्खा भूगोल तिनं असा ऐकून पाठ केला होता. ती बाई शेवटच्या दिवशी फोन बंद ठेवून गेली, आणि मी दुधाचं फॅट मोजत बसलो होतो. हे मी चमनभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "रडा, साहेब. गाडीत आपलीच माणसं हायती."

आत्तीच्या घरासमोर मांडव नव्हता एवढंच. बाकी सगळं होतं. अंगणात सतरंज्या होत्या, पांढऱ्या टोप्या होत्या. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांनी कांदा-लसणाशिवायचं पिठलं आणि भाकरीच्या चळती आणून ठेवल्या होत्या. कोपऱ्यात दोन पोरं डिजिटल फलक बांधत होती. वर आत्तीचा फोटो आणि खाली 'शोकाकुल' म्हणून गावातल्या दोन डझन लोकांची नावं. मी सगळी वाचली. माझं नाव नव्हतं. तशा दुःखातही ते मला लागलं.

पण आधी रडायला हवं होतं. मी ओसरीवर चढलो. तिथं बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी खांबाला टेकलो आणि मोठ्यानं गळा काढला.

"आत्ती, एकदा उठ गं. तू म्हणशील तसं करतो. फोन नको तर नको. दर ऐतवारी मी सवता येतो, पण एकदा उठ."

बायकांत कुजबूज झाली. कुणीतरी खुसखुसलं. "गप बसा गं, त्येचं हूं दे की पुरं," असा एक आवाज आला. तो माझ्या चांगल्या ओळखीचा होता. बायका बाजूला सरकल्या. मधोमध आत्ती बसली होती. हातात अर्धी भाकरी, समोर पिठलं.

"व्हय, पुढं?" ती म्हणाली.

 मी मटकन खाली बसलो. मग समजलं की शेतातून आल्यावर अंगणातली गर्दी बघून ती स्वतःच "कोण गेलं गं?" म्हणत बायकांत येऊन बसली होती आणि थोडी रडलीही होती. उलगडा झाल्यावर लोक निघाले, पण तिनं कुणाला जाऊ दिलं नाही. बाहेरगावाहून एकेक माणूस रडत येत होता आणि आत्ती सगळ्यांना दम देऊन गप्प बसवत होती. आलेल्याचं मनोगत पूर्ण होईपर्यंत ती पुढं येत नव्हती.

"सकाळधरनं लई ऐकलं बघ," ती मला म्हणाली. "गडहिंग्लजचं पाव्हणं काय बोललं म्हणतोस. एवढी चांगली हाय मी, मलाच म्हाईत न्हवतं. आणि एक पैसा पडला न्हाय."

"आत्ती, मला वाटलं..."

"उठले की आता. ये मग दर ऐतवारी. एवढ्या माणसांत बोललास. त्यो बी नियमच झाला."

सगळ्या बायकांनी माना डोलावल्या. वर्षाराणीनं तर सगळ्यांच्या आधी. मी काही बोलणार तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. जिनपाल होता, व्हिडिओवर. तिकडं मध्यरात्र उलटून गेली असावी. त्याचे डोळे सुजले होते आणि मागं उघडी बॅग दिसत होती.

"वहिनी, तिकीट काढलंय. उद्या निघतोय. तोपर्यंत..." आणि त्याला आई दिसली. नंतर तो फक्त रडत होता.

"रडू नगंस," आत्ती म्हणाली. "जेवलास का? बारीक झालाईस." मग तिनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि फोन तोंडाजवळ धरला. "ह्या बाळासोला एक सांग. तुमच्यात नुसतं ऐकायला किती पडतंय?"

"काय?"

"फोनचं. म्हैन्याला."

जिनपालला काही समजलं नाही, पण त्यानं सांगितलं, "सगळं धरून पस्तीस-चाळीस डॉलर."

मी ताडकन उभा राहिलो. "आत्ती, दोन हजाराच्या वर गेलं. आपल्या दसपट. ऐकलंस न्हवं?"

 चमनभाईंनी मागून तो आकडा सगळ्या गल्लीला पुकारून सांगितला. एवढ्या साक्षीदारांसमोर, एवढ्या स्वच्छ फरकानं मी आयुष्यात कधी जिंकलो नव्हतो. शोकाकुलांत नाव नसल्याचं दुःखसुद्धा त्या क्षणी निवलं.

"हारले की मी," आत्ती शांतपणे म्हणाली. "सुटला नियम. मार रिचार्ज."

माझा फोन अजून बंद होता, म्हणून मी चमनभाईंचा मागून घेतला. तेवढ्यात तिकडून जिनपाल बोलला. आता तो हसत होता, डोळे पुसत होता.

"आई, तू ठणठणीत आहेस, बास झालं. मग मी तिकीट रद्द करतो. आज केलं तर पैसे परत मिळतात. दिवाळीला येतो ना निवांत."

 आत्तीनं फोनकडं बघितलं. मग तिनं तो कानाला लावला, परत समोर धरला आणि हलवला.

"आं? काय म्हणतोईस?"

"तिकीट, आई. रद्द करतो म्हटलं."

"काय कळंना झालंय ह्येचं," आत्ती बायकांना म्हणाली. "म्हैन्याला दोन हजार भरत्यात, आणि एवढा बी आवाज येत न्हाय." तिनं फोन माझ्या हातात दिला. "बाळासो, कट कर त्यो. आणि माझा रिचार्ज आता नगं. त्यो येऊन गेला की मार."

आवाज इतका स्वच्छ येत होता की अंगणात फलक बांधणाऱ्या पोरांनीही तिकिटाचं ऐकलं होतं. जिनपाल तिकडून "आई, आई" म्हणत होता. मी फोन कट केला आणि पुन्हा वाजू नये म्हणून बंदही करून टाकला.